गोऱ्हा झाला म्हणून कांडी खोटी ठरत नाही

वाचकाचं पत्र :

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, तापीकाठचा. तीन एकर केळी आहे आणि गोठ्यात संकरित एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन) सहा गाई, दोन कालवडी. आमच्याकडे येणाऱ्या खाजगी कृत्रिम रेतनवाल्याने गेल्या वर्षी ‘सेक्स सीमेन’, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, आणलं. शंभर टक्के कालवडच होणार म्हणाला. एका कांडीचे, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीचे, बाराशे घेतले. तीन जनावरांना दिली. एक आमची जुनी गाय, ती आधीच चार वेळा उलटलेली, म्हणजे भरूनही गाभण न राहिलेली होती. दुसरी तिसऱ्या वेताची, तिला एप्रिलच्या शेवटी भरली. तिसरी कालवड, तिला डिसेंबरात. दोन्ही गाई उलटल्या. कालवड गाभण राहिली, सप्टेंबरात व्याली आणि झाला गोऱ्हा. आई म्हणाली, ‘पैसाबी गया, नि गोऱ्हाच वना.’ आता दुसरी कालवड भरायला आली आहे. मला फसवलं का? हे प्रयोगशाळेत खरंच वेगळं करतात, की नुसत्या बाता? शिवाय एक जण साध्या कांडीत मिसळायची पावडर विकतोय, तीनशे रुपयांना, तिनेही कालवडच होते म्हणे. काय करू?

उत्तर :

भाऊ, आधी एक सांगा, व्याताना कालवड अडली तर नाही ना? पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, म्हणजे सुखरूप सुटली असावी. तेवढं झालं असेल, तर तुमचं नुकसान आईंना वाटतं तेवढं मोठं नाही.

गोऱ्हा झाला एवढ्यावरून फसवलं असं मी म्हणणार नाही. या कांडीची खात्री नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. दहा वासरांत एक गोऱ्हा होणारच, आणि तो कोणाच्या तरी दावणीला होणारच. यंदा तुमच्या दावणीला झाला. ‘शंभर टक्के’ हा शब्द मात्र तुमच्या रेतनवाल्याच्या पदरचा. कोणतीही प्रयोगशाळा तसं लिहून देत नाही. उद्या पाच वासरांत तीन गोऱ्हे निघाले, तर बिनदिक्कत संशय घ्या, कारण खऱ्या कांडीत असं शंभरातून एकदाही होत नाही. एका वासरावरून मात्र काहीच ठरत नाही.

दोन गाई उलटल्या त्याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण ते टाळता आलं असतं. ते का, हे कळायला कांडीत काय असतं ते आधी बघावं लागेल.

वळूच्या वीर्यात निम्म्या शुक्राणूंत एक्स गुणसूत्र असतं, निम्म्यांत वाय. एक्सवाला लागला की कालवड, वायवाला लागला की गोऱ्हा. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे हुबेहूब सारखे दिसतात, भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. फरक फक्त आतल्या डीएनएचा. गाईबैलांत एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए साधारण पावणेचार ते चार टक्क्यांनी जास्त असतो, म्हशीत त्याहून थोडा कमी. क्विंटलभर कापसाच्या मापात चार किलो इकडेतिकडे होण्यासारखी गोष्ट. कापूस निदान काट्यावर बसून राहतो. इथे प्रत्येक शुक्राणू एकेकटा, वाहत्या धारेत, सेकंदाला हजारोंच्या वेगाने मोजायचा असतो.

मोजण्याची रीत अशी. ताज्या वीर्यात होएक्स्ट ३३३४२ नावाचा रंग घालून ते कोमट तापमानाला सुमारे पाऊण तास ठेवतात. हा रंग डीएनएला चिकटतो, म्हणजे एक्सवाल्यात थोडा जास्त बसतो. मग ते बारीक नळीतून धारेने सोडतात आणि धारेवर लेझर पाडतात. रंग चमकतो, यंत्र ती चमक मोजतं. त्यातही गंमत आहे. शुक्राणूचं डोकं काकडीच्या बीसारखं चपटं असतं. बी पसरट बाजूने समोर आलं तरच माप बरोबर येतं, कडेने आलं तर चमक भलतीच दिसते. म्हणून नळीचं तोंड मुद्दाम असं घडवलेलं असतं, की धारेतल्या जास्तीत जास्त बिया पसरट बाजूनेच समोर याव्यात. तरीही कडेने येणारे बरेच असतात, ते बाद. मेलेले बाद. एका थेंबात दोन शिरले, तेही बाद. उरलेल्या थेंबांना धन किंवा ऋण भार देऊन विजेच्या पट्ट्यांमधून सोडलं, की एक्सवाले एका नळीत पडतात, वायवाले दुसऱ्या. वळूने दिलेल्या मालातला निम्म्याहून जास्त असा वाया जातो. कांडी महाग असते ती त्यामुळे.

ही रीत अमेरिकेच्या शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. १९८९ साली त्यांनी अशा निवडलेल्या शुक्राणूंपासून सशांची पिल्लं जन्माला आल्याचं दाखवून दिलं. तेव्हा बाता नव्हेत, हे पक्कं समजा.

दुसरीही एक रीत आहे. तिच्यात थेंब वेगळे करत नाहीत. धारेत एक्सवाले ओळखतात आणि बाकीच्यांना लेझरने जागेवरच मारतात. मेलेले त्याच कांडीत राहतात, फळवायला उपयोगी नसतात इतकंच. अशी कांडी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरून ‘बघा, निम्मे मेलेत, माल खराब’ म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. त्या जातीच्या कांडीत तसंच दिसतं.

आपल्या देशातही आता हे तंत्र तयार झालं आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘गौसॉर्ट’चं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात, वाशिमला, पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याआधी सगळा खेळ परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर होता आणि भावही तसेच होते. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये या कांडीला अनुदान आहे. म्हणून बाराशे मोजण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तुम्ही दूध घालता त्या संघात, दोन्हीकडे विचारा. तुम्ही विचारलं नसणार. रेतनवाला दारात गाडी घेऊन उभा असतो, तेव्हा कोण विचारतो?

आता गाई का उलटल्या ते. साध्या कांडीत आपल्याकडे साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. लिंग वर्गीकृत, म्हणजे तुमच्या ‘सेक्स सीमेन’च्या कांडीत बहुधा वीस लाख, नव्या पद्धतीच्या काही कांड्यांत चाळीस लाख. म्हणजे दहावा, नाहीतर पाचवा हिस्सा. आणि हे वीस लाख रंग खाऊन, लेझर झेलून, दाबाखालच्या नळीतून निघून, थेंबात आपटून आलेले. वरून गोठवलेले. लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं दोन दिवसांच्या प्रवासाने जशी आंबून जातात, तसे हे कांडीतून बाहेर पडतानाच थकलेले असतात आणि गाईच्या पोटात कमी वेळ टिकतात. त्यामुळे सगळं नीट केलं तरी गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीच्या साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्केच धरायचं.

हिशेब घालून बघू. साध्या कांडीने शंभर गाईंत चाळीस गाभण राहतात असं धरलं, तर वीसेक कालवडी मिळतील. वर्गीकृत कांडीने तीस राहतील आणि त्यांत सत्तावीस कालवडी. सात कालवडी जास्त. पण दहा गाई जास्तीच्या उलटल्या, आणि प्रत्येकीने एकवीस दिवस फुकटचा चारा खाल्ला. भाव बाराशे असेल, तर हा सौदा प्रत्येक गाईला परवडत नाही. निवडक जनावरांना परवडतो.

तुमची निवड कशी होती ते बघा. चार वेळा उलटलेली गाय ही या कांडीची गिऱ्हाईकच नाही. दोन कोटींनी जिथे काम झालं नाही, तिथे वीस लाख काय करणार? एप्रिलच्या शेवटी भरलेली गाय तर मी कोणत्याच महागड्या कांडीला लावली नसती. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत संकरित एचएफ गाय दिवसभर धापा टाकते. अंगाची उष्णता वाढली की बीजांड दुबळं होतं, आणि गर्भ राहिला तरी पहिल्या आठवड्यातच जिरतो. शिवाय उन्हाळ्यात माज रात्री येतो, थोडा वेळ टिकतो, आणि सकाळी आपण बघतो तेव्हा गाय खाली मान घालून रवंथ करत असते. तिन्हींत योग्य जनावर एकच होतं, डिसेंबरातली कालवड. ती राहिली. कांडीने तिचं काम केलं, फक्त दहातला तो एक तुमच्या वाट्याला आला.

आणखी एका गोष्टीबद्दल पत्रात अक्षर नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कांडी कंटेनरमधून निघाली तिथपासून गाईपर्यंत कशी पोहोचली?

माझाच जुना किस्सा सांगतो. नोकरीला नवा होतो, तापीपलीकडच्या एका दवाखान्यात. मे महिना. द्रव नायट्रोजनची गाडी आठवडाभर आली नाही. कंटेनरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ दिसायची, म्हणून मी निर्धास्त. लाकडी पट्टी आत घालून, बाहेर काढून, हवेत हलवून तिच्यावर किती उंचीपर्यंत बर्फ धरतो ते बघायचं, हे शिकवलेलं होतं. मी आळस केला. पुढे गाडी आली, नायट्रोजन भरला, कांड्या पुन्हा उणे १९६ अंशांत बुडाल्या आणि मी त्या महिनाभर वापरत राहिलो. जवळजवळ सगळ्या गाई उलटल्या. एकदा ऊब लागून पुन्हा गोठलेली कांडी दिसायला अगदी पहिल्यासारखीच असते, आत सगळे मेलेले. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, ‘डॉक्टर, तुमनी सुई भोथी व्हई गयी का?’ मी हसलो, पण रात्रभर झोपलो नाही.

साध्या कांडीत दोन कोटींची भरती असते, थोडी हेळसांड खपून जाते. वीस लाखांत खपत नाही.

म्हणून पुढच्या वेळी रेतनवाला आला की शेजारी उभे राहून बघा, लाजू नका. कंटेनरच्या मानेतून कांड्यांचा डबा वर काढून तो नावं वाचत बसला, तर थांबवा. डबा मानेतल्या बर्फाच्या रेघेखालीच राहिला पाहिजे आणि कांडी चिमट्याने पाच-सात सेकंदांत बाहेर आली पाहिजे. वितळवायला थर्मासमध्ये सदतीस अंशांचं पाणी आणि त्यात थर्मामीटर हवा. बोटाने अंदाज घेणारा माणूस असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. पाण्यात साधारण पाऊण मिनिट. मग कांडी पुसून कोरडी करायची, अगदी कोरडी, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. तोंड सरळ कापायचं, तिरकं नाही. गनमध्ये, म्हणजे रेतनाच्या नळीत, चढवून पंधरा मिनिटांच्या आत गाईत.

गनचं आणखी एक. पुस्तकं थंड मुलुखात लिहिलेली असतात. त्यांत असतं, गन हातावर घासून गरम करा. आपल्याकडे मार्च ते जून ती मोटारसायकलच्या डिकीत चटका बसेल इतकी तापलेली असते. त्यात कांडी घातली की जागेवर भाजणी. मी माझी गन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नळीत ठेवायचो आणि गोठ्याच्या सावलीत आल्यावर गालाला लावून बघायचो. लोक हसायचे.

वेळही बदलते. साध्या कांडीचा आपला नियम, संध्याकाळी माज दिसला तर सकाळी भरा, सकाळी दिसला तर संध्याकाळी. वर्गीकृत कांडीतले शुक्राणू पोटात फार वाट बघत बसू शकत नाहीत, म्हणून ती थोडी उशिरा द्यायची. जनावर दुसऱ्याला अंगावर चढू देऊन स्थिर उभं राहू लागलं, तिथपासून अठरा ते चोवीस तासांनी. त्यासाठी माज कधी सुरू झाला ते नक्की माहीत हवं. रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात चक्कर मारा, शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लोंबतोय का बघा. सोट गढूळ किंवा पुवाचा असेल तर भरू नका, आधी उपचार.

पावडरचं विचारलंत. घेऊ नका. वेगळं करण्याच्या पद्धती शास्त्रज्ञ पन्नास वर्षं शोधत आहेत. कोणी घट्ट द्रावातून पोहायला लावून बघितलं, कोणी फिरवून, कोणी प्रतिपिंडं वापरून. २०१९ साली जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत एक औषध वापरून एक्सवाल्यांची चाल मंदावते आणि वायवाले वर पोहत जातात, असं दाखवलं. सुंदर काम आहे. पण तेही ताज्या वीर्यावर, प्रयोगशाळेत, तासभर खपून. वितळलेल्या कांडीत गोठ्यात उभ्या-उभ्या पावडर ढवळून एक्स-वाय वेगळे होत नाहीत. शुक्राणू तेवढे मरतात. तरी विकणाऱ्याची निम्मी गिऱ्हाइकं खूश असतात, कारण निम्म्या गाईंना कालवड तशीही होतेच. उरलेल्यांना तो ‘माज चुकला’ म्हणून सांगतो. या धंद्यात तोटा होऊच शकत नाही, मला कधी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या कालवडीला वर्गीकृत कांडी द्या. माझं मत स्पष्ट आहे. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या भागातला सोन्याचा काळ. कालवडीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास आहे का, आधीचे दोन माज एकवीस दिवसांच्या अंतराने नियमित आले का, ते बघा. सरकीची ढेप तुम्ही देतच असाल, सोबत खनिज मिश्रण सुरू करा, आज भरायचं म्हणून आजपासून नाही, दीड-दोन महिने आधीपासून. पहिल्या वेताला कालवड होण्याचा आणखी एक फायदा असतो, मादी वासरू गोऱ्ह्यापेक्षा थोडं हलकं असतं आणि पहिलारू सहसा अडत नाही.

पण वळू बघून. लोक कालवड मागतात, कोणत्या वळूची ते विचारत नाहीत. मठ्ठ वळूची कालवड अडीच-तीन वर्षं पोसायची आणि मग सहा लिटरवर समाधान मानायचं, त्यापेक्षा नामी वळूची साधी कांडी परवडली. त्या वळूच्या आईचं एका वेताचं दूध किती, त्याच्या मुली दुधाला कशा निघाल्या, हे विचारा. तुमच्या कालवडीत एचएफचं रक्त आधीच पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असेल, तर शुद्ध एचएफ देऊ नका. तिची लेक तापीकाठचं ऊन सोसणार नाही. संकरित वळू किंवा जर्सी घ्या. कांडीवर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव आणि तारीख छापलेली असते. भरून झाल्यावर रिकामी कांडी टाकून देऊ नका. फोटो काढा, कालवडीच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचाही काढा, आणि नोंद सरकारच्या ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या नोंदणीवर चढवायला लावा. मागच्या तीन कांड्यांपैकी एकीचाही फोटो तुमच्याकडे नसणार, म्हणून बाराशेंचा माल खरा होता की नाही, हे आता देवालाच ठाऊक.

गोऱ्ह्याबद्दल. आजोबांच्या काळी गोऱ्हा झाला की घरात गूळ वाटायचे, दोन वर्षांनी पोळ्याला त्याची शिंगं रंगायची. आता नांगराला ट्रॅक्टर आहे, एचएफचा गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही, आणि राज्याच्या २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्याला कसायाची वाटही बंद आहे. म्हणूनच सगळ्यांना कालवड हवी आहे. तुमच्या गोऱ्ह्याला तरी चीक भरपूर मिळाला असू दे. रोडावलेला गोऱ्हा कोणी फुकटही नेत नाही, तरतरीत असला तर शेणखतापुरता का होईना कोणीतरी सांभाळतो.

राहिली जुनी गाय. तिला आता कोणतीच कांडी देऊ नका. आधी दवाखान्यात नेऊन गर्भाशय तपासून घ्या, सोट तपासायला द्या. आतून दाह असेल तर औषधाने जाईल, मग एखादा माज सोडून साधी कांडी. सहा महिन्यांत राहिली नाही तर तुम्हीच ठरवा. पण विकायचा विषय आईंसमोर काढण्याआधी त्या गाईचं नाव कोणी ठेवलं, ते एकदा आठवून बघा.